थंडीच्या दिवसांत मधपेट्यांचे स्थलांतर

महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी आणि लिंगमळा परिसरात डिसेंबर-जानेवारीतील काही पहाटे गवतावरील दव गोठून पांढरे होते. पर्यटकांना त्याचे अप्रूप वाटते व वृत्तपत्रांतून छायाचित्रे येतात. मात्र त्याच पहाटे तलावाच्या खोलगट भागापासून थोड्या उंचीवर असलेल्या वस्तीत दव गोठत नाही. थंड हवा जड असते. ती उतारावरून ओघळत खळग्यात साचते, एवढेच त्याचे कारण. शाळेतील भूगोलाच्या तासाला सांगावी अशी ही साधी गोष्ट. परंतु ज्याच्या दहा-बारा मधपेट्या त्या खळग्यात ठेवलेल्या असतील, त्याच्या दृष्टीने तिच्यावर सबंध वर्षाचे उत्पन्न अवलंबून असते.

पेटी कोठे ठेवावी हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच ती एका जागेवरून दुसऱ्या जागी कशी न्यावी हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. मधमाशापालनावरील प्रशिक्षणात पेटीची रचना, राणीमाशीची ओळख, मध काढण्याची रीत हे विषय सविस्तर शिकविले जातात. पेटी हलविण्याचा विषय मात्र बहुधा एका वाक्यात आटोपतो: पेटी रात्री हलवावी. रात्री हलवावी हे खरेच आहे. पण ती किती अंतरावर न्यावी, कोणत्या ऋतूत न्यावी आणि नेल्यानंतर पहिल्या सकाळी काय करावे, याचा उलगडा त्यातून होत नाही. वसाहती नष्ट होतात त्या बहुधा याच ठिकाणी.

स्थलांतर ही माणसाने मधमाशीवर लादलेली गोष्ट नव्हे. आग्या माशी ऋतुमानाप्रमाणे स्वतःच मुक्काम बदलते; फुलोरा संपला की कड्यावरील किंवा उंच झाडावरील पोळे सोडून ती दूरवर निघून जाते आणि पुढील हंगामात पुन्हा परतते. पेटीत पाळली जाणारी सातेरी माशी अशी नियमित वारी करीत नाही. तथापि अन्न संपले, मुंग्यांचा वा मेणकिड्याचा उपद्रव झाला, किंवा वारंवार त्रास दिला गेला, तर तीही घर सोडते. सातेरीचा हा स्वभाव पुढील सर्व विवेचनात ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. युरोपीय मेलिफेरा माशी जो त्रास मुकाट्याने सोसते, तो सातेरी सोसतेच असे नाही.

माशी घर कसे ओळखते

कामकरी माशी पेटीबाहेर पडू लागते, तेव्हा ती लगेच फुलांकडे जात नाही. दुपारच्या उन्हात कोवळ्या माश्या दाराकडे तोंड करून, मागे-पुढे हेलकावत घिरट्या घालताना दिसतात. या घिरट्यांत ती आपल्या घराची जागा, जवळचे झाड, भिंत, दगड आणि सूर्याची दिशा मनात साठवीत असते. एकदा ही खूणगाठ पक्की झाली की ती मैलभर अंतरावरूनही अचूक परतते. मधमाश्या नाचातून एकमेकींना फुलांची दिशा व अंतर कळवितात, हे कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने सिद्ध केले. त्याला १९७३ चे नोबेल पारितोषिक कोनराड लोरेन्झ व निकोलास टिनबर्गेन यांच्यासमवेत मिळाले. त्या नाचातील दिशा सूर्याच्या संदर्भाने सांगितलेली असते, आणि तिचा आरंभबिंदू म्हणजे पेटीचे दार.

येथे एक बारकावा आहे. माशीच्या स्मरणात पेटी नसते, पेटीची जागा असते. पेटी दहा हात बाजूला सरकविली तरी बाहेरून आलेली माशी जुन्याच जागी उतरते आणि तेथील मोकळ्या हवेत गोल फिरत राहते. पेटी तिला डोळ्यांसमोर दिसत असली तरी ती तिकडे वळत नाही. संध्याकाळ होते, गारवा वाढतो, आणि अशा शेकडो माश्या जुन्या जागेवरील गवतात वा दगडावर गोळा होऊन गारठतात. ज्या माश्या मरतात त्या नेमक्या वयाने मोठ्या, चारा आणणाऱ्या असतात. पेटीत राणी राहते, पिलावा राहतो, कोवळ्या माश्या राहतात. परंतु त्यांना पोसणारे हात नाहीसे होतात.

यावरून इंग्रजी पुस्तकांत एक नियम सांगितला जातो: पेटी तीन फूट हलवावी, नाही तर तीन मैल. इकडील जुन्या मापात सांगायचे तर दोन हात, नाही तर दीड कोस. दोन हातांपर्यंतचा बदल माशी सांभाळून घेते. आणि दीड कोसापलीकडचा प्रदेश तिच्या ओळखीचाच नसल्यामुळे ती नव्याने घिरट्या घालून नवी खूण मनात साठविते. या दोहोंमधील अंतर तेवढे धोक्याचे. मात्र हा नियम मेलिफेरा माशीच्या वावरावरून बांधलेला आहे. सातेरीचा वावर त्या मानाने आखूड असतो. ती बहुतेक चारा एक-दीड किलोमीटरच्या आतच गोळा करते. म्हणून सातेरीची पेटी तीन-चार किलोमीटर पलीकडे नेली तरी ती बहुधा सुरक्षित समजावी. गाव डोंगराच्या एका अंगाला आणि नवी जागा धारेपलीकडे दुसऱ्या अंगाला असेल, तर याहून थोडे कमी अंतरही चालून जाते.

थंडी मित्र की वैरी

शीत प्रदेशांतील मधपाळ पेट्या हलविण्यासाठी मुद्दाम हिवाळ्याची वाट पाहतात. तेथे कित्येक आठवडे माशी पेटीबाहेर पडतच नाही. एवढ्या दीर्घ विश्रांतीनंतर ती बाहेर येते तेव्हा नव्याने खूण घेते, आणि मग पेटी पन्नास हात हलवली काय किंवा पाचशे हात हलवली काय, फारसे बिघडत नाही. परदेशी पुस्तके वाचून काही उत्साही मंडळी हाच हिशोब महाराष्ट्रात लावू पाहतात आणि फसतात. महाराष्ट्रातील थंडी रात्रीची असते. निफाडसारख्या ठिकाणी काही वर्षी पहाटेचा पारा पाच अंशांखाली उतरतो. तथापि त्याच दिवशी दहाच्या सुमारास ऊन तापते आणि माशी कामाला लागते. सातेरी तर मेलिफेरापेक्षा थोड्या अधिक गारव्यातही बाहेर पडते. सलग पंधरा दिवस घरात बसून राहावे आणि जुनी जागा विसरावी, असा योग तिला येथे येत नाही. म्हणून ‘हिवाळा आहे, पेटी कोठेही सरकवा’ हा सल्ला महाराष्ट्रात, महाबळेश्वरच्या पठारावरसुद्धा, चुकीचा ठरतो.

तरीही थंडीचा काळ स्थलांतरास सोयीचा आहे, तो निराळ्या कारणांनी. पेटीतील पिलाव्याभोवतीचे तापमान माश्या चौतीस-पस्तीस अंशांवर राखतात. दार बंद करून पेटी हलविली की माश्या बिथरतात आणि त्यांच्या हालचालींमुळे आतील उष्णता वाढत जाते. मेण बासष्ट ते चौसष्ट अंशांना वितळते खरे. परंतु चाळिशीच्या आसपासच ते मऊ पडू लागते, आणि मधाने भरलेले पोळे स्वतःच्या भाराने चौकटीतून निखळते. मे महिन्यात भर दुपारी हलविलेली पेटी उघडल्यावर मध, मेण आणि गुदमरलेल्या माश्या यांचा चिकट लगदा हाती येतो, तो यामुळेच. थंडीत हा धोका पुष्कळ कमी असतो. रात्र मोठी असल्यामुळे सूर्योदयापूर्वी लांबचा पल्ला गाठता येतो, हा दुसरा लाभ. माश्याही सूर्यास्तानंतर लवकर घरी परततात. दार बंद करण्यासाठी फार वेळ तिष्ठावे लागत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गारठ्यात माश्या पिलाव्याभोवती दाट गोळा करून बसतात आणि उडण्याचे स्नायू थरथरवून ऊब निर्माण करतात. त्या उबेसाठी त्यांना मध खर्चावा लागतो. प्रवासातील हादऱ्यांनी हा गोळा विस्कटला तर पिलावा गारठतो, आणि एका रात्रीत गारठलेला पिलावा पुढे आठवडाभर पेटीबाहेर फेकला जाताना दिसतो. शिवाय थंडीत मेण ठिसूळ होते. उन्हाळ्यात जे पोळे मऊ पडून निखळते, तेच थंडीत खड्ड्याच्या एका दणक्याने तडकते. म्हणून पारा अगदी खाली गेलेली रात्र टाळून, थंडी असली तरी बोचरी नसेल अशी रात्र निवडणे शहाणपणाचे. नोव्हेंबरअखेरचे दिवस आणि संक्रांतीनंतरचा काळ त्या दृष्टीने बरे.

घाटमाथ्यावरून खाली

या विषयाचे महाराष्ट्रातील घर म्हणजे सातारा जिल्ह्याचा पश्चिम भाग. महाबळेश्वर परिसरात पेटीतील मधमाशापालनाचे संघटित काम १९४० च्या दशकात सुरू झाले. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय याच ठिकाणी आहे. मधमाशीच्या संशोधनासाठी पुण्यात केंद्रीय संस्था १९६२ मध्ये स्थापन झाली. महाबळेश्वरजवळील मांघर हे गाव मे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर करण्यात आले. या डोंगरात पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उन्हाळ्यात जांभूळ आणि हिरडा, काही वर्षांच्या अंतराने एकदम फुलणाऱ्या कारवी व व्हायटी, अशी येथील मधाची साखळी आहे. कारवी सुमारे आठ वर्षांनी फुलते, आणि त्या वर्षीचा मध निराळाच असतो. परंतु ही साखळी अखंड नाही. पावसाळ्याचे चार महिने माशीला धड बाहेर पडता येत नाही. आणि ज्या वर्षी कारवी-व्हायटी नसते, त्या वर्षी हिवाळ्यातही घाटमाथ्यावर पोटापुरताच चारा असतो.

याउलट याच काळात घाटाखाली, पूर्वेच्या अंगाला, रब्बीचा फुलोरा सुरू होतो. पसरणी घाट उतरून वाईकडे आल्यावर हवामान आणि शेती दोन्ही पालटतात. पुढे फलटण, माण, खटाव आणि त्यापलीकडे सोलापूरच्या दिशेला करडई, सूर्यफूल, कांद्याचे बीजोत्पादन, धने, शेवगा, डाळिंब, कलिंगड अशी परागीभवनासाठी कीटकांवर कमी-अधिक अवलंबून असलेली पिके आहेत. महाबळेश्वरपासून वाई सुमारे बत्तीस किलोमीटर. एका रात्रीचा हा प्रवास वसाहतीला अर्धपोटी हिवाळ्यातून भरल्या शिवारात आणू शकतो, आणि शिवाराला माशी मिळवून देऊ शकतो. उत्तर भारतात हे मोठ्या प्रमाणावर घडते. पंजाब-हरियाणातील मधपाळ हिवाळ्यात मेलिफेराच्या पेट्या मालमोटारींतून राजस्थानातील मोहरीच्या शेतांकडे नेतात. मेलिफेरा माशी १९६० च्या दशकात हिमाचल प्रदेशातील नगरोटा येथे प्रथम रुळली, त्यानंतर ही वाहतूक वाढत गेली. सातेरीच्या बाबतीत एवढी मोठी वाहतूक शक्य नाही आणि तिची आवश्यकताही नाही. दहा-वीस पेट्या, एखादा टेम्पो आणि पंचवीस-तीस किलोमीटरचे अंतर, हा तिच्या मानाने योग्य आवाका होय.

निघण्याआधीची तयारी

प्रवासाच्या दोन दिवस आधी, दुपारच्या उबदार वेळी पेटी एकदाच उघडून पाहावी. संध्याकाळी गारठ्यात पेटी उघडणे हा अपराधच समजावा. राणी आहे काय, ती अंडी घालीत आहे काय, पिलावा निरोगी आहे काय, हे पाहणे प्रथम कर्तव्य. रोगी वसाहत कदापि हलवू नये. १९९१ मध्ये दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगाची साथ आली आणि सातेरीच्या वसाहतींचा मोठा संहार झाला. कित्येक भागांत दहापैकी नऊ वसाहती गेल्या. त्या रोगात अळी कोशात जाण्याऐवजी पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होऊन घरकुलात मरते. असा पिलावा दिसला तर पेटी आहे तेथेच ठेवावी आणि संचालनालयाच्या तज्ज्ञांना कळवावे. एका गावचा रोग टेम्पोत घालून दुसऱ्या गावी नेण्याइतका मोठा अपकार मधपाळ दुसऱ्या मधपाळावर करू शकत नाही.

मधाचा वरचा कोठा उतरवून घ्यावा. भरलेली मधाची पोळी प्रवासात तडकतात, आणि सांडलेल्या मधात माश्या बुडून मरतात. तथापि खालच्या कोठ्यात माश्यांच्या स्वतःच्या खाण्यापुरता मध असलाच पाहिजे. प्रवासानंतरचे पहिले दोन-तीन दिवस त्यांचा बाहेरचा चारा बंद असतो आणि ऊब राखण्यासाठी खर्च मात्र दुप्पट. साठा कमी असेल तर साखरेचा पाक आठवडाभर आधी द्यावा. निघण्याच्या दिवशी पातळ पाक मुळीच देऊ नये. तो प्रवासात सांडतो आणि पेटी ओली होते. ओली पेटी आणि थंड रात्र यांचा मेळ वाईट.

चौकटी आतल्या आत हलणार नाहीत अशा पक्क्या कराव्यात. त्यांच्यामधील फटीत बारीक लाकडी पट्ट्या बसवून किंवा दोन्ही टोकांना चुका मारून हे साधते. १८५१ मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथने सुट्या चौकटींची पेटी सिद्ध केली, विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेत फादर न्यूटन यांनी सातेरीला मानवेल असा तिचा लहान अवतार तयार केला, आणि त्यामुळेच पोळे न कापता मध काढणे व वसाहत उचलून नेणे शक्य झाले. पण सुटी चौकट ही सोय जशी आहे, तशीच प्रवासात ती अडचणही आहे. तळपाट, कोठा आणि झाकण एकत्र धरून ठेवण्यासाठी बाहेरून काथ्याच्या दोरीचे दोन आडवे-उभे वेढे घालावेत. जुन्या पेट्यांच्या फळ्यांत फटी पडलेल्या असतात. त्या शेण-मातीने लिंपाव्यात. एकच माशी शिरेल एवढी फट राहिली, तर त्या फटीतून रात्रभर माश्या गळत राहतात, आणि टेम्पोचा चालक पुन्हा पेट्या न्यायला कधीच तयार होत नाही.

दार मात्र मातीने लिंपू नये. थंडी आहे म्हणून पेटी सर्व बाजूंनी बंद करणे ही या कामातील सर्वांत सामान्य चूक आहे. बिथरलेल्या काही हजार माश्या एवढी उष्णता निर्माण करतात की पौषातल्या रात्रीही हवा न मिळाल्यास वसाहत गुदमरते. सूर्यास्तानंतर सगळ्या माश्या आत गेल्याची खात्री झाली की दाराला बारीक तारेची जाळी बसवावी. झाकणाखालीही जाळीचे हवापट असल्यास उत्तम. वाऱ्याचा झोत थेट पेटीवर येऊ नये म्हणून टेम्पोच्या पुढच्या अंगाला पोती किंवा ताडपत्री बांधावी. मात्र पेट्यांवर ताडपत्री गुंडाळू नये.

पेट्या वाहनात ठेवताना चौकटींची दिशा पाहावी. मोटारीचे हादरे पुढे-मागे बसतात, म्हणून चौकटी रस्त्याच्या दिशेने असाव्यात. बैलगाडी दोन्ही बाजूंना डुलते. तेथे चौकटी आडव्या असाव्यात. पसरणीसारख्या वळणांच्या घाटात वेग कमी ठेवणे हा याहून मोठा उपाय होय. वाटेत चहासाठी थांबायचेच असेल तर दिव्याच्या उजेडापासून दूर थांबावे.

पहिली सकाळ

पेट्या उजाडण्यापूर्वी नव्या जागी पोहोचाव्यात. जागा आधीच निवडून, स्टँड रोवून, त्यांच्या पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या ठेवलेल्या असाव्यात; अंधारात दगड शोधत फिरण्याची वेळ येऊ नये. दार पूर्वेला किंवा आग्नेयेला असावे, म्हणजे सकाळचे पहिले ऊन दारावर पडते आणि माशी लवकर कामाला लागते. दुपारी विरळ सावली पडेल असे झाड, वाऱ्याच्या बाजूस कूड किंवा गडगा, जवळपास स्वच्छ पाणी, एवढे पुरे. लेखाच्या आरंभी सांगितलेला खळगा येथे आठवावा. ओढ्याकाठची सखल जागा दिवसा रम्य वाटते, परंतु रात्री सगळ्या शिवाराची थंडी तेथेच येऊन साचते. उताराचा मधला टप्पा सर्वांत बरा.

पेटी ठेवल्यावर लगेच दार उघडू नये. पंधरा-वीस मिनिटे माश्यांना शांत होऊ द्यावे. घाईने जाळी काढली तर बिथरलेल्या माश्या लोंढ्याने बाहेर पडतात. शरीराचे तापमान दहा अंशांच्या आसपास आले की माशी ताठरते, आणि पहाटेच्या दवात पडलेली माशी दोन मिनिटांत त्या अवस्थेला पोहोचते. उलटपक्षी ऊन चढेपर्यंत जाळी तशीच ठेवली तर आत गोंधळ माजतो. म्हणून उजाडताना, आतला गुणगुणाट मंदावल्यावर, जाळी हळूच काढावी आणि दारासमोर एक पानांची डहाळी आडवी लावावी. बाहेर पडणाऱ्या माशीला ती अडते. काही तरी बदलले आहे याची तिला जाणीव होते आणि ती सरळ उडून न जाता वळून घराकडे पाहते. डहाळी तीन-चार दिवसांनी काढून टाकावी. ताठरून पडलेल्या माश्या मेल्या असे समजून झाडून टाकू नयेत. त्या कागदावर गोळा करून उन्हात ठेवाव्यात. बऱ्याच पुन्हा हलू लागतात.

सातेरी नव्या जागी नाराज होऊन पळून जाईल अशी भीती असते. त्यासाठी दारावर राणी अडेल पण कामकरी माशी जाऊ शकेल अशी जाळी आठवडाभर लावतात. परंतु वसाहतीत नुकतीच जन्मलेली, मीलन न झालेली राणी असेल तर ही जाळी लावू नये. अशा राणीला एकदा बाहेर जाणे आवश्यक असते. तिला अडविणे म्हणजे वसाहतीचा वंश खुंटविणे. खरे तर अशी वसाहत त्या आठवड्यात हलवूच नये. पहिले तीन दिवस पेटी उघडून पाहण्याचा मोह आवरावा. माश्यांच्या मागील पायांवर परागाच्या गोळ्या दिसू लागल्या की वसाहत रुळली असे समजावे. परागाची आवक म्हणजे आत पिलावा वाढत असल्याची खूण.

शाळेच्या आवारातील पेटी

दूरचे स्थलांतर हे मधपाळाचे काम. ग्रामपंचायतीपुढे येणारा प्रश्न बहुधा निराळा असतो. शाळेच्या कुंपणाजवळ, पाणवठ्याच्या वाटेवर किंवा समाजमंदिराच्या मागे कोणाच्या तरी दोन पेट्या असतात. एखाद्या मुलाला माशी चावते, तक्रार येते, आणि ‘पेट्या ताबडतोब हलवाव्यात’ असा ठराव होतो. मधपाळ दुसऱ्याच दिवशी त्या शंभर हातांवर नेऊन ठेवतो. परिणाम असा होतो की पेटी गेली तरी माश्या शाळेच्या आवारातच फिरत राहतात, बिथरलेल्या असल्यामुळे अधिक चावतात, आणि तिकडे वसाहतही खंगते. दोन्ही पक्षांचे नुकसान होते आणि दोष मात्र माशीवर येतो.

यावर तीन मार्ग आहेत. सर्वांत खात्रीचा मार्ग वेळखाऊ आहे. पेटी तीन-चार किलोमीटरवरील दुसऱ्या वस्तीवर नेऊन तीन आठवडे ठेवावी आणि मग गावातील नव्या जागी आणावी. हंगामात कामकरी माशीचे आयुष्य सुमारे सहा आठवड्यांचे आणि त्यातील चारा आणण्याचा काळ अखेरच्या दोन-तीन आठवड्यांचा असतो. त्यामुळे तीन आठवड्यांनंतर शाळेची जागा आठवणाऱ्या माश्या फारशा उरलेल्या नसतात. दुसरा मार्ग रोज एक-दोन हात सरकविण्याचा. अंतर वीस-तीस हात असेल तर तो जमतो. त्याहून अधिक असेल तर कोणाचाही धीर सुटतो. पावसाळी वा कडक गारठ्याच्या, माश्या बाहेर न पडलेल्या दिवशी पेटी सरकवू नये, कारण त्या दिवसाचा बदल त्यांच्या लक्षातच आलेला नसतो.

तिसरा मार्ग नाइलाजाचा आहे, पण थंडीत तो काही प्रमाणात साधतो. ढगाळ, गार हवेचे दोन-तीन दिवस लागोपाठ आले आणि माश्या आपणहून घरात बसल्या, तर त्यानंतरच्या संध्याकाळी पेटी नव्या जागी न्यावी, दारासमोर दाट डहाळी लावावी, आणि जुन्या जागी एक रिकामी पेटी, तिच्यात जुने पोळे घालून, ठेवावी. परतलेल्या माश्या त्या रिकाम्या पेटीत जमतात. सूर्यास्तानंतर ती पेटी उचलून मूळ पेटीशेजारी नेऊन ठेवावी. सकाळी त्या माश्या घरच्यांत मिसळतात. हे काम चार-पाच संध्याकाळी करावे लागते. माश्यांना आपण होऊन दोन-तीन दिवस कोंडून ठेवण्याचा प्रयोग मात्र सातेरीवर करू नये.

ठराव करताना या गोष्टी ध्यानी घेऊन मधपाळाला तीन-चार आठवड्यांची मुदत दिली तर काम बिनबोभाट होते. दरम्यान पेटीचे दार शाळेच्या विरुद्ध दिशेला वळवावे. ते एकदम न वळविता चार दिवसांत थोडेथोडे वळवावे आणि पेटीपुढे तुराट्यांचा पुरुषभर उंचीचा कूड उभा करावा. माश्यांना डोक्यावरून उडणे भाग पडते आणि निम्मी तक्रार तेथेच मिटते. शिक्षकांच्या दृष्टीनेही हे चार दिवस वाया जाणारे नाहीत. दार वळविल्यावर माश्या कोणत्या बाजूला घुटमळतात, किती वेळाने सावरतात, हे सुरक्षित अंतरावरून पाहता येते.

शिवाराशी करार

खाली आणलेल्या पेट्या कोणाच्या बांधावर ठेवायच्या, हे तोंडी ठरते आणि तोंडीच मोडते. डाळिंब किंवा कांदा बियाण्याच्या शेतकऱ्याला माश्या हव्या असतात, पण फवारणीही हवी असते. फुलोऱ्यात दुपारी केलेली एकच फवारणी पेटीतील चारा आणणाऱ्या साऱ्या माश्या संपवू शकते. फवारणी अटळच असेल तर ती माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी करावी आणि मधपाळाला आदल्या दिवशी सांगावे. एवढी एक अट ग्रामसेवकाच्या साक्षीने कागदावर लिहून घेतली तर पुढचे भांडण टळते. कांद्याच्या फुलांची माशीला फारशी आवड नसते. जवळ दुसरे गोड फूल असेल तर ती कांद्याकडे पाठ फिरविते. म्हणून पेट्या शेत फुलण्याच्या आधी आणू नयेत. शेतातील दहातील एक फूल उमलले की आणाव्यात. आधी आणलेली माशी दुसऱ्या फुलाला लागते आणि मग तिला परत वळविणे कठीण जाते. सूर्यफुलासाठी हेक्टरी साधारणपणे पाच पेट्या ठेवतात.

मधपाळांच्या व वसाहतींच्या नोंदणीसाठी केंद्र शासनाने एप्रिल २०२१ मध्ये ‘मधुक्रांती’ ही संगणकीय व्यवस्था सुरू केली. गावात येणाऱ्या पेट्यांची एक साधी नोंदही पंचायतीने ठेवावी: कोणाच्या पेट्या, कोणत्या गावाहून, कोणत्या तारखेला आल्या, कोणाच्या शेतात ठेवल्या, आणि आल्या त्या वेळी पिलावा निरोगी होता काय. रोगाची शंका आली तर माग काढण्यास हीच नोंद उपयोगी पडते.

फेब्रुवारी सरत आला की सखल भागातील फुलोरा ओसरू लागतो आणि घाटमाथ्यावर जांभळाला मोहोर धरू लागतो. परतीच्या प्रवासाची ती वेळ. तोवर वसाहती भरलेल्या असतात, पोळी जड झालेली असतात, दिवसाचा उन्हाळा जाणवू लागलेला असतो. म्हणून चढतीच्या वाटेवर गारठ्याची काळजी नाही, उष्म्याची आहे. जाळी अधिक मोठी लागते, मध आधी काढून घ्यावा लागतो, आणि निघायचे तेही मध्यरात्र उलटण्याच्या आत.